बोनस कोणाच्या नावावर?

प्रश्न : माझ्या मुलीने पुण्यातच बी.एस्सी. नर्सिंग केलं, तीन वर्षं इथल्या आयसीयूत काढली आणि मग अमेरिकेत शिकून ती नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध देणारी नर्स, झाली. आता ओहायोतल्या एका फॅमिली क्लिनिकचं नेमणूकपत्र हातात आहे. मूळ पगार वर्षाला १,१२,००० डॉलर. शिवाय प्रॉडक्टिव्हिटी बोनस : वर्षात ४,८०० ‘वर्क आरव्हीयू’ झाले की पुढच्या प्रत्येक युनिटमागे १८ डॉलर. ती म्हणते, बारा-तेरा हजार डॉलर सहज सुटतील. त्या भरवशावर तिने गाडीच्या हप्त्याचा हिशेबही मांडला आहे. मी पोस्टात नोकरी केली, आकड्यांची मला भीती नाही. पण हा आकडा मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगता येत नाही.
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं गणित चुकलेलं नाही. मी ते पुन्हा मांडून पाहिलं. तरी तुम्हाला जे खटकतंय तेही खरं आहे. गणित बरोबर असूनही बोनस शून्यावर येऊ शकतो. मी टेक्ससमध्ये नर्स प्रॅक्टिशनर असताना माझ्या बाबतीत तो आला होता, म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर दुसरं काही सुचेना.

आधी हे युनिट म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. १९९२ पासून ती डॉक्टरांच्या प्रत्येक सेवेला गुण, म्हणजेच युनिट, देते. हार्वर्डमधल्या विल्यम शियाओ यांच्या चमूने केलेल्या अभ्यासातून ही पद्धत आली. गुणांचे तीन भाग असतात : काम करणाऱ्याचा वेळ आणि डोकं, जागा-माणसं-सामान यांचा खर्च, आणि उपचारात चूक झाल्याच्या दाव्यासाठीचा विमा. पहिला भाग म्हणजे वर्क आरव्हीयू (आरव्हीयू म्हणजे रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट). पेशंटकडे कुठला विमा आहे, पैसे कधी जमा झाले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून वसुलीच्या टक्क्यांवर मिळणाऱ्या बोनसपेक्षा मला ही पद्धत बरी वाटते. वसुलीवर बोनस असेल तर बिलिंगच्या टेबलावर कोणी अर्ज चुकीचा भरला, विमा कंपनीने तो परत पाठवला, की त्याचा फटका तपासणारीला बसतो. गरिबांच्या विम्यावरचे पेशंट जास्त पाहणारीला तर बसतोच बसतो, कारण तिथले दर कमी.

आता मुलीचा हिशेब. जुन्या पेशंटच्या साध्या भेटीचा बिलातला कोड ९९२१३, त्याला १.३० युनिट. जरा गुंतागुंतीच्या भेटीचा ९९२१४, त्याला १.९२. रोज सोळा पेशंट धरू, दहा साधे, सहा गुंतागुंतीचे. दिवसाचे झाले २४.५२. सुट्ट्या, रजा, प्रशिक्षणाचे दिवस वजा करून वर्षाचे २२५ दिवस भरले, तर एकूण ५,५१७ युनिट. उंबरठा ४,८००, वर उरले ७१७. गुणिले १८, म्हणजे १२,९०६ डॉलर. तिने बहुधा हेच केलं असणार.

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. तिथे नगावर इन्सेंटिव्ह असे. दुसऱ्या पाळीहून रात्री घरी आले की जेवायच्या आधी ते खिशातल्या चिठ्ठीवरचे आकडे एका वहीत उतरवून ठेवत. महिन्याअखेरीला वही आणि पगाराची स्लिप शेजारी ठेवून बसत. मशीन त्यांनी चालवलेलं असे, पण नग कधी कधी पुढच्या पाळीच्या जॉबकार्डावर चढलेले असत. आई म्हणायची, किती ती किरकिर. ते म्हणायचे, नग कोणी केला हे मशीनला ठाऊक, ऑफिसला कार्डावरचं नावच ठाऊक.

टेक्ससमध्ये मी तेच शिकले, वडिलांच्या चाळीस वर्षांनंतर. मेडिकेअरचा नियम असा की नर्स प्रॅक्टिशनरच्या स्वतःच्या नावाने बिल गेलं, तर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के पैसे मिळतात. तोच जुना पेशंट असेल, उपचाराची दिशा डॉक्टरांनी आधी ठरवलेली असेल, डॉक्टर त्याच वेळी क्लिनिकमध्ये हजर असतील आणि काही नवीन तक्रार नसेल, तर बिल डॉक्टरांच्या नावाने पाठवता येतं आणि पूर्ण शंभर टक्के मिळतात. याला तिकडे ‘इन्सिडेंट टू’ बिलिंग म्हणतात. हे कायदेशीर आहे. क्लिनिकला शंभरातले पंधरा जास्त मिळतात, म्हणून ते तसं करणारच. पण बिल डॉक्टरांच्या नावाने गेलं की सॉफ्टवेअर युनिटही त्यांच्याच खात्यात टाकतं. पेशंटला तपासलेलं असतं मी, पाय तपासलेला मी, मधुमेहाची गोळी समजावलेली मी.

मुलीच्या गणितात एवढाच बदल करून बघा. रोजच्या सोळांतले तीन साधे पेशंट डॉक्टरांच्या नावाने गेले. दिवसाला ३.९० युनिट, वर्षाला साधारण ८७८. ५,५१७ मधून गेले तर उरतात ४,६३९. उंबरठ्याच्या खाली. बोनस शून्य. सोळांतल्या तिघांनी पूर्ण तेरा हजार नेले! वर्षाच्या कामातला सहावा भाग गेला आणि बोनस अख्खा गेला, कारण उंबरठ्याच्या वरचा भाग मुळात पातळ असतो.

माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं. जानेवारीत मला एक कागद दिला, त्यावर माझ्या वहीपेक्षा नऊशे युनिट कमी होते. मी रोज किती पेशंट पाहिले ते दोनशेपानी वहीत लिहीत असे, वडिलांची सवय. वही घेऊन गेले. समोरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि करारातलं वाक्य दाखवलं : ‘प्रदात्याच्या नावाने बिल झालेले युनिट’. सही माझीच होती. त्या रात्री मला वडिलांची फार आठवण आली, ते तेव्हा नव्हते.

म्हणून मुलीला सांगा, करारात एक वाक्य बदलून मागायचं : तिने स्वतः दिलेल्या सेवेचे युनिट तिच्याच खात्यात जमा होतील, बिल कोणाच्याही नावाने गेलं तरी. कोण बिल करतं आणि कोणी काम केलं, या दोन्ही नोंदी सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ठेवता येतात. जी मंडळी ‘हे शक्य नाही’ म्हणतात, त्यांनी बहुतेक वेळा ते करून पाहिलेलं नसतं.

आणखी एक फसवी जागा त्या ८५ टक्क्यांचीच. ही कपात पैशात आहे, कामाच्या युनिटमध्ये नाही. तरी काही ठिकाणी बोनस मोजताना युनिटलाच ०.८५ ने गुणतात. ५,५१७ चे होतात ४,६८९. पुन्हा उंबरठ्याखाली. करारात ‘समायोजित’ हा शब्द कुठे दिसला की थांबून विचारायचं, कशाने समायोजित?

मग कोणत्या वर्षाचा तक्ता? २०२१ मध्ये मेडिकेअरने दवाखान्यातल्या भेटींचे युनिट वाढवले. ९९२१३ आधी ०.९७ होता तो १.३० झाला, ९९२१४ हा १.५० वरून १.९२ वर गेला. अनेक संस्थांनी बोनससाठी मात्र २०२० चाच तक्ता पुढे चालवला. त्या तक्त्याने मुलीचे सोळा पेशंट दिवसाला १८.७० युनिट देतात आणि वर्षाचे होतात साधारण ४,२०८. ४,८०० चा उंबरठा त्यात दिसतसुद्धा नाही. करारात ‘चालू वर्षाचा मेडिकेअर तक्ता’ असे शब्द हवेत. तक्ता बदलला म्हणून मालकांनी उंबरठाही वर उचलायचा ठरवला, तर किती आधी कळवतील, हेही त्यातच लिहून घ्यावं.

पहिलं वर्ष वेगळंच धरावं लागतं. विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढायला तीन-चार महिने सहज जातात. तोवर तिच्या नावाने बिलं जात नाहीत. तीन महिन्यांचं काम मोजलंच गेलं नाही, तर ५,५१७ चे ४,१३८ उरतात. पहिल्या वर्षी उंबरठा महिन्यांच्या प्रमाणात खाली आणायचा, किंवा ठरलेली एक रक्कम हमीने द्यायची, हे मागण्यात लाजायचं कारण नाही. अनेक ठिकाणी देतात.

हिशेब तिमाही असेल तर बरं. थंडीत फ्लूचे पेशंट भरभरून येतात, त्या तिमाहीचा बोनस मिळतो, आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या तिमाहीची खोट त्यातून वळती होत नाही. होते की नाही, हे मात्र विचारलंच पाहिजे, कारण काही करारांत ‘तूट पुढे ओढली जाईल’ असं लिहिलेलं असतं. आणि पैसे वाटपाच्या दिवशी नोकरीत असण्याची अट. वर्ष डिसेंबरात संपतं, बोनस मार्चअखेर मिळतो, फेब्रुवारीत नोकरी सोडली तर केलेल्या कामाचे पैसे बुडाले. नोकरी बदलायची तारीख त्या अटीवर ठरवलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

मनाला लागणारी गोष्ट अजून सांगायची राहिली. पेशंट गेल्यावरच्या कामाला फारच कमी युनिट मिळतात, बहुतेकांना मिळतच नाहीत. रक्ताचे रिपोर्ट बघून फोन करणं, औषध संपलं म्हणून आलेला निरोप, फार्मसीचे प्रश्न, विमा कंपनीच्या परवानगीचे अर्ज. माझा रोजचा दीड तास त्यात जाई. ज्या नर्सने एखाद्या आजोबांना फोनवर नीट समजावलं आणि त्यांची क्लिनिकमधली फेरी वाचवली, तिचा आकडा त्या दिवशी कमी भरतो. मोजणीत हा अन्याय आहे आणि मी तो तिथे असेपर्यंत बोलून दाखवला. यावर उपाय एवढाच की अशा कामासाठी आठवड्यात चार तास पेशंटशिवायचे मागायचे, आणि उंबरठा त्या प्रमाणात कमी करून घ्यायचा. दोन्ही एकत्र मागायचं. नुसते तास दिले आणि उंबरठा तोच ठेवला, तर तिने स्वतःच्याच खिशातून वेळ विकत घेतल्यासारखं होईल.

आकडा भरत नाही म्हणून ९९२१३ च्या जागी ९९२१४ टाकायचा मोह होईल. तिला ठणकावून सांगा, कधीही नाही. पेशंटसाठी त्या दिवशी एकूण किमान २० मिनिटं गेली तर पहिला, ३० गेली तर दुसरा, किंवा निर्णयाची गुंतागुंत पाहून कोड ठरतो, आणि नोंदीत ते दिसावं लागतं. खोटा कोड म्हणजे सरकारची फसवणूक, आणि त्यात जाणारं लायसन्स बोनसपेक्षा मोठं आहे. उलटही तितकंच खरं : आपल्याकडच्या मुली संकोचाने गुंतागुंतीच्या भेटीलाही साधा कोड लावतात. बीपी, शुगर दोन्ही बिघडलेल्या पेशंटची औषधं बदलली, तर तो ९९२१४ आहे, आणि तो लावणं हा तिचा हक्क आहे.

काही क्लिनिक बोनसचा एक भाग गुणवत्तेवर ठेवतात : किती पेशंटचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, किती बायकांचा मॅमोग्राम झाला, असं. मला हे आवडतं. फक्त ते पेशंट ‘तिचे’ म्हणून कोणत्या यादीत आहेत ते बघावं. पुन्हा नावाचाच प्रश्न.

सही करण्याआधी तिने एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळेल : तुमच्याकडे आता किती नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि गेल्या वर्षी त्यांच्यातल्या किती जणींना हा बोनस मिळाला? उत्तर टाळलं तर गाडीचा हप्ता १,१२,००० वर बसवायचा. आणि तिला एक दोनशेपानी वही कुरिअर करा. तारीख, पेशंटची संख्या, कोड, एवढंच. नावं लिहायची नाहीत, तिकडे पेशंटच्या गुप्ततेचा कायदा कडक आहे.

प्रश्न : मुलगा टेक्ससमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. १०,००० डॉलर बोनस जाहीर झाला, खात्यात ७,०३५ आले. एजंटाने मध्ये खाल्ले का?
— एक वडील, चिंचवड

उत्तर : नाही हो, कोणी खाल्लेलं नाही. बोनसवर तिथे केंद्र सरकारचा आयकर सरसकट २२ टक्क्यांनी आधीच कापतात : २,२००. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के म्हणजे ६२०, मेडिकेअरचे १.४५ टक्के म्हणजे १४५. एकूण २,९६५. टेक्ससला राज्याचा आयकर नाही, म्हणून तिथेच थांबलं. ते २२ टक्के म्हणजे अंतिम कर नव्हे. एप्रिलच्या मध्याला विवरणपत्र भरताना खरा कर जमेल आणि जास्त कापला असेल तर परत येईल. एजंटाशी झालेला करार मात्र मुलाने एकदा काढून वाचावा, कारण काही एजंट बोनसवर हक्क सांगतात. तुमच्या आकड्यांत तसं काही दिसत नाही.

प्रश्न : मॅडम, मी अठ्ठावीस वर्षांची, क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केला आहे. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आयसीयूत आहे. व्यवस्थापन म्हणतं, आता आम्हीही अमेरिकेसारखा प्रॉडक्टिव्हिटी बोनस देऊ : पेशंट ठरलेल्या दिवसांत वॉर्डात हलवला की प्रत्येकी ठरावीक रक्कम. घ्यावा का?
— एक सिस्टर, पुणे

उत्तर : घेऊ नकोस. तुला सरळ सांगते, कारण तुझ्या जागी माझी धाकटी बहीण असती तरी हेच सांगितलं असतं.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर १९६५ पासून आहे. कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी तो अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःच्या नावाने बिल करता येऊ लागलं आणि मग तिच्या कामाचे युनिट मोजता आले. तू भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम केलास, ज्ञानात कमी नाहीस. पण इथे तुझ्या नावाने बिल जात नाही. तेव्हा ‘अमेरिकेसारखा’ हा शब्द इथे लागूच पडत नाही. ते तुझं काम मोजणार नाहीत, रिकामी झालेली खाट मोजणार आहेत.

आणि खाट कधी रिकामी करायची, हा निर्णय पेशंटचा श्वास, बीपी, लघवी बघून व्हायला हवा. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटर काढलेल्या पेशंटकडे बघताना तुझ्या डोक्यात पैशाचा आकडा असता कामा नये. तू प्रामाणिक आहेस, पत्रावरून कळतं. पण उद्या तो पेशंट वॉर्डात बिघडला, तर नातेवाइकांपुढे तुझ्या बोनसचा कागद येईल.

उलट प्रस्ताव घेऊन जा. पहिलं म्हणजे जास्तीच्या शिक्षणाचा आणि जबाबदारीचा दरमहा ठरलेला भत्ता, मोजणीशिवाय. बोनसच द्यायचा असेल तर तो पूर्ण आयसीयूला वाटून, तिन्ही पाळ्यांना, मामा-मावशींनाही धरून. बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) किती झाले, सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन दर हजार लाइन-दिवसांमागे किती, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया किती, यावर. तिथेही एक काळजी घ्यायची. इन्फेक्शनवर बोनस लागला की कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवायला हात आखडतात. म्हणून मोजणी आयसीयूतल्यांनी करायची नाही, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने करायची, आणि तिचा बोनस या आकड्याला बांधायचा नाही. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स हे प्रमाण ज्या पाळीत पाळलं गेलं नाही, ती पाळी हिशेबातून बाहेर. दोघींच्या कामाला एकटी लावून वर तिचं बेडसोअर मोजणं बरोबर नाही.

दिवाळीच्या बोनसशी याची गल्लत होऊ देऊ नकोस. आपला बोनस कायदाही १९६५ चाच. त्यातली ८.३३ ते २० टक्क्यांची तरतूद आता वेतन संहितेत आली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना ती लागू होत नाही, म्हणून ट्रस्टमध्ये दिवाळीला जे मिळतं ते बहुतेक व्यवस्थापनाच्या मर्जीचं किंवा युनियनच्या कराराचं असतं. नवीन योजनेच्या बदल्यात ते काढून घेणार नाहीत, हे प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत लिही.

एकटी जाऊ नकोस. मेट्रन आणि तिन्ही पाळ्यांच्या इन्चार्ज यांच्या सह्या घे, एक प्रत स्वतःकडे ठेव, पोच घे. व्यवस्थापनाने पुन्हा खाटांचीच गोष्ट काढली, तर मला लिही. प्रस्तावाचा मसुदा मी बघून देईन.